टोपडं घातलेली काठी

मित्रांनो, मी जुनी आहे आणि काठी आहे, एवढं तर तुम्हाला दिसतंच. उंचीने माणसाएवढी, खाली लोखंडाची अणी, वर शिंगाचा आकडा, तोही आता अर्धाच. बाकीचं मी सांगते. थोडं वाढवून सांगेन, ती माझी जुनी खोड आहे. पण नदीवरच्या बर्फाबद्दल जे सांगेन, त्यात एक अक्षरही वाढवणार नाही. बर्फाबद्दल खोटं बोलणारी काठी आमच्याकडे चुलीत जाते.

अलास्कातली कुस्कोक्विम नदी समुद्राजवळ येते, तिथे आमचं गाव आहे. गावात झाड उगवत नाही. जंगल आहे ते दूर, नदीच्या वरच्या अंगाला. दर वसंतात बर्फ फुटला की नदी तिकडचे ओंडके आणून आमच्या काठावर टाकते. मीही तशीच आले. पाचशे मैल पोहत आले. त्यातले तीन दिवस एक अस्वल माझ्यावर बसून होतं, आणि उतरताना साधे आभारही न मानता गेलं.

मला उचललं मिसराकने. तो खरं तर सरपण न्यायला आला होता. पण सरपण लादायची घसरगाडी तो घरीच विसरला होता. मग हातात मावेल एवढं एकच लाकूड घेऊन तो परतला. दारात त्याची बायको ओलिंका उभी होती.

"अहो, एवढंच?"

"सरळ आहे बघ किती," मिसराक म्हणाला.

त्या एका वाक्याने मी वाचले. नाहीतर संध्याकाळच्या सुपाखाली माझी राख झाली असती.

मिसराकने मला तासलं, सीलच्या तेलाने घासलं. मोडक्या बोटीच्या इंजिनातला लोखंडी दांडा काढून त्याची अणी केली आणि मला खाली बसवली. वर कॅरिबू हरणाच्या शिंगाचा आकडा बांधला. आकडा कशाला, असं ओलिंकाने विचारलं, तर म्हणाला, "कशाला ते आठवलं की सांगतो."

मिसराक हा असा होता. डोक्यावर टोपी घालून टोपी शोधायचा. एकदा ओलिंकाच्या बहिणीला, नस्तास्याला, आणायला म्हणून नदीपलीकडे गेला आणि तिच्याकडचे वाळवलेले मासे घेऊन परत आला. नस्तास्या तिकडे कपडे करून बसून राहिली. गावाने वर्षभर हसून घेतलं.

पण मित्रांनो, नदीवर पाय ठेवला की या विसरभोळ्या माणसासारखा शहाणा माणूस नव्हता. काल कुठून गेलो, हे त्याला आठवायचं नाही. म्हणून तो प्रत्येक पावलाआधी मला पुढे आपटायचा. जोरात, दोन्ही हातांनी. चांगला जाड बर्फ असला की मी कोरडी वाजायचे, टण्! पातळ असला की आवाज ओला यायचा, थप्! आणि एकाच दणक्यात मी आरपार जाऊन खालून पाणी वर आलं, तर मिसराक वाद न घालता आल्या पावली मागे फिरायचा.

गावात लुकीन नावाचा गाणारा होता. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. तो काठावरून ओरडायचा, "अरे मिसराक, नदी ओलांडतोयस की तिच्या दाराची कडी वाजवतोयस?"

"कडी वाजवूनच जावं," मिसराक म्हणायचा. "आतली बाई कुठल्या तंद्रीत आहे, काय ठाऊक."

"अरे, कालच तर गेलास इथून!"

"गेलो असेन. आठवत नाही." आणि टण्!

त्याच्याबरोबर मी काय काय शिकले! वरून पडतं ते हिम, आणि पाण्यावर धरतो तो बर्फ. हिमाचा थर म्हणजे नदीची गोधडी. गोधडीखाली थंडी पोचत नाही, आणि थंडी पोचली नाही तर बर्फ जाडच होत नाही. म्हणून जिथे सगळ्यात पांढरं, मऊ, गुबगुबीत दिसतं, तिथे मिसराक मला दोनदा आपटायचा. नदी वळते तिथे बाहेरच्या काठाला पाणी जोरात धावतं आणि बर्फ खालून खात जातं. ओढा येऊन मिळतो तिथेही तेच. बीव्हर नावाचा तो दातऱ्या प्राणी नदीत काटक्यांचं घर बांधतो आणि रात्रंदिवस खालून येजा करून पाणी ढवळत ठेवतो. त्याच्या घराभोवतीचा बर्फ सगळ्यात लबाड. एका बीव्हरने तर आतून मला धरून ठेवलं होतं आणि आम्ही दुपारभर रस्सीखेच खेळलो. हे वाढवलेलं आहे. लबाड बर्फाचं मात्र खरं आहे.

सत्तर वर्षं मिसराक त्या नदीवर चालला. त्यातली शेवटची चाळीस माझ्यासोबत. गुडघ्याच्या वर एकदाही भिजला नाही. शेवटी घरातच गेला, अंथरुणावर, कोरड्या पायांनी.

आणि मग एक गंमत झाली. माणूस गेला की गाव त्याला नव्याने घडवतं. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, मिसराक कधी बुडाला नाही हो. दुसऱ्या वर्षी म्हणाले, त्याला नदी पाठ होती. तिसऱ्या वर्षी लुकीन शपथेवर सांगू लागला, "डोळे मिटून जायचा! नदीचा कण न् कण आठवायचा त्याला!" हाच लुकीन! माझी टण्-टण् सगळे विसरले. विसरभोळा तेवढा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

माझे दिवस फिरले. मिसराकचा मुलगा एवॉन मोटरीच्या घसरगाडीवर बसून बर्फावरून भुर्रकन जायचा. मोटरीच्या आवाजात बर्फाचं बोलणं कोण ऐकतो? मी दाराला टेकण म्हणून लागले, माडीवरचे मासे काढायला लागले, कुत्र्यांच्या भांडणात मधे पडायला लागले. पुढे ओलिंकाचे गुडघे धरले, तेव्हा मला घरात बढती मिळाली. पण माझी अणी फरशी ओरबाडते म्हणून एवॉनने दवाखान्यातल्या कुबडीचं रबरी बूच आणून माझ्या टोकावर चढवलं. पुरत्या म्हातारपणी मला टोपडं घातलं हो! त्या दिवसापासून मी मुकी झाले. कुठेही टेकवा, थुप्. जमीन, फरशी, बर्फ, सगळीकडे तेच थुप्.

मिसराक गेल्यावर पाच महिन्यांनी एवॉनला मुलगी झाली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या बाळाला देतात. बाळ मुलगा की मुलगी, हे कुणी पाहत नाही. नावाबरोबर माणूसही थोडा परत येतो, आणि त्याची नातीही. तर या मुलीचं नाव मिसराक ठेवलं. ओलिंका तिच्या पाळण्याशी गेली, वाकली आणि म्हणाली, "आलात का हो? उशीर केलात."

तेव्हापासून नऊ वर्षं ती नातीला 'अहो'च म्हणत आली.

"अहो, मोजे घाला. मागच्या खेपेला खोकल्यानेच गेलात."

एवॉन स्वतःच्या मुलीला बाबा म्हणायचा. "बाबा, नाक पुसा. बाबा, शाळेला उशीर होतोय." आणि माशाच्या डोक्यातला गालाचा मऊ तुकडा, जो घरच्या कर्त्याला द्यायचा, तो छोट्या मिसराकच्या ताटात पडायचा.

ओलिंका तिला संध्याकाळी जवळ घ्यायची आणि विचारायची, "आठवतं का हो, आपण सॅमन धरायला गेलो आणि तंबू उडाला?"

छोटी मिसराक म्हणायची, "हो, आठवतं."

"आणि मी रागावून तीन दिवस बोलले नाही?"

"आठवतं."

म्हातारीचा चेहरा असा उजळायचा की दिव्याची गरज पडू नये. मी कोपऱ्यातून बघायचे. पोरीला काही आठवत नसायचं, हे मला कळायचं. काठ्यांना हात वाचता येतात. 'आठवतं' म्हणताना ती मला चाचपायची आणि तिचे तळवे घामाने ओले असायचे.

आता त्या दिवसाची गोष्ट.

आमचं चर्च जुन्या रशियन पंथाचं, म्हणून आमचा नाताळ जानेवारीत येतो. तेव्हा चर्चमधला मोठा तारा घेऊन सगळं गाव घरोघर जातं. ढोलाएवढा तारा, झिरमिळ्यांचा, मधोमध गरागरा फिरणारा. प्रत्येक घरात गाणी, प्रत्येक घरात जेवण. एकही घर चुकवायचं नाही. शेवटचं घर नदीपलीकडे होतं, नस्तास्याचं. त्याच शरदात तिचा नवरा गेला होता. एकटीच होती. तीन दिवस खपून तिने मूस या थोरल्या सांबराचं सूप केलं होतं, चरबी-साखरेत रानबेरी घोटून अकुताक केलं होतं. दुःखातल्या घरी तारा गेला नाही, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं.

त्या वर्षी थंडी उशिरा आली होती. बर्फ धरला न धरला तोच तीन दिवस हिम पडत राहिलं. दरवर्षी भरवशाच्या वाटेवर आणि उघड्या भोकांभोवती वाळुंजाच्या फांद्या रोवून ठेवतात. त्या सगळ्या गाडल्या गेल्या होत्या. नदी कोऱ्या कागदासारखी पसरली होती.

भर दुपारी अठरा माणसं काठावर येऊन थांबली. तारा एवॉनच्या हातात. मी ओलिंकाच्या हातात, टोपड्यासकट.

"कुठून जायचं?" लुकीनने विचारलं.

"बाबा आहेत की," एवॉन म्हणाला. "त्यांना विचारा."

सगळे वळून छोटीकडे बघायला लागले. लुकीन तिच्यापुढे वाकला. "काय मिसराकराव, सत्तर वर्षं ओलांडलीत नदी. तुम्हाला तर पाठ होती. बोला, कुठून?"

छोटी मिसराकने आजीकडे पाहिलं. ओलिंकाचा चेहरा उजळला होता. "सांगा ना हो," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं आठवतं."

पोरीने समोर बोट केलं. पलीकडे नस्तास्याच्या धुराड्यातून धूर निघत होता, त्याच्याच दिशेने, सरळ. "इथून."

आणि अठरा माणसं तिच्यामागून निघाली. मला ओरडावंसं वाटत होतं. पण थुप्, थुप्, थुप्. मित्रांनो, तोंडात बोळा कोंबलेल्या पहारेकऱ्याची काय अवस्था होत असेल, ती मी त्या दिवशी भोगली.

वीस पावलं झाली, तीस झाली. रबरातूनही मला खालून पाण्याची घरघर लागत होती. समोर हिमाखाली एक उंचवटा होता. त्याच्या माथ्यावर वाफेसारखं काहीतरी तरंगत होतं. बीव्हरचं घर! छोटी मिसराक हळू झाली. मग थांबली.

"काय झालं, बाबा?" एवॉनने मागून विचारलं.

"काही नाही."

अजून दोन पावलं टाकली. पुन्हा थांबली. मग ती वळली. तिचा चेहरा हिमापेक्षा पांढरा होता.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"थोडं आठवून बघा. घाई नाही," लुकीन म्हणाला.

"नाही. मला काहीच आठवत नाही. तंबूही नाही. काहीच नाही. कधीच आठवलं नव्हतं."

"अगं, मग 'इथून' कशी म्हणालीस?" लुकीनने विचारलं.

"आजीला बरं वाटतं म्हणून."

  ओलिंकाने मला आडवं धरून पोरीच्या दिशेने हिमावरून सरकवलं.

पोरीने मला उचललं. माझ्या टोकाकडे पाहिलं. रबराचं बूच दोन्ही हातांनी पिळलं, दातांनी ओढलं, तेव्हा कुठे ते निघालं. कितीतरी वर्षांनी माझ्या अणीला वारा लागला! तिने मला उचलून पुढे आपटलं.

थप्!

एकाच दणक्यात मी आरपार. हिमावर काळं पाणी पसरलं.

"मागे!" ओलिंका ओरडली. "आपापल्या पावलांवरून! एकेकाने! गर्दी करू नका, अंतर ठेवा!"

सगळे नीट मागे फिरले. एक लुकीन सोडून. त्याला घाई झाली, तो रांगेतून बाहेर पडून आडवा निघाला. सहा पावलं गेला आणि कमरेपर्यंत खाली गेला. आवाजसुद्धा झाला नाही. त्या माणसाच्या आयुष्यात बिनआवाजाचं घडलेलं तेवढंच.

तो समोरच्या कडेला छाती टेकून वर यायला बघत होता, आणि ती कड मोडत होती.

"पुढे नको, लुकीन!" ओलिंका म्हणाली. "आलास तिकडे तोंड कर! तिकडचा बर्फ आत्ता तुला पेलत होता ना!"

लुकीन वळला. एवॉनने तारा खाली ठेवला, पोटावर पडला, आणि छोटीने मला त्याच्याकडे सरकवलं. दोघांनी मागून एवॉनचे पाय धरले. आकडा लुकीनच्या पट्ट्यात अडकला. आता कळलं, मिसराकने आकडा कशाला केला होता! त्याला ते शेवटपर्यंत आठवलं नाही, पण त्याच्या हातांना ठाऊक होतं.

"हात पसर! पाय मार, माशासारखे!"

"मारतोय ना बाई!"

आम्ही ओढलं. त्याचं वजन दोन वालरसांएवढं तरी असेल. आकडा कडकन अर्धा तुटला, अर्ध्याने धरून ठेवलं. लुकीन बर्फावर आला आणि उठायला लागला.

"उठू नकोस! लोळ! लोळत ये!"

आमच्या गावातला सगळ्यात भारी आवाज असा लोळत लोळत काठावर आला.

त्याला जवळच्या घरात, म्हणजे ओलिंकाच्याच घरात नेलं. ओले कपडे आधी उतरवले, कोरडं घातलं, गोधड्यांत गुंडाळून गरम चहा दिला. त्याच्या मापाचं घरात काहीच नव्हतं, म्हणून ओलिंकाचा फुलाफुलांचा ढगळ झगा त्याच्या अंगावर चढला. कुणी हसलं नाही. हसणं पुढच्या दहा वर्षांसाठी राखून ठेवलं.

छोटी मिसराक दारामागे बसली होती. मला मांडीवर धरून. ओलिंका गुडघे सांभाळत तिच्यासमोर खाली बसली.

"आजी," पोर म्हणाली, "मी ते नाहीच ना मग? आता मला 'अहो' म्हणणार नाहीस?"

 ओलिंकाला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला कधी काय आठवलं होतं? लग्नाच्या दिवशी चर्चचा रस्ता विसरलात! मीच वेडी. दहा वर्षं लोकांचं ऐकत बसले, मिसराकला सगळं आठवायचं म्हणून. माझ्या घरात राहिलेला माणूस, आणि मी लोकांचं ऐकलं! तुम्हाला आठवत नव्हतं, म्हणून तर ही काठी केलीत. आज 'आठवत नाही' म्हणालात ना, तेव्हा मला पक्कं कळलं, तुम्हीच आहात."

पोरीचे तळवे मला लागत होते. कोरडे होते.

गोधड्यांतून लुकीन म्हणाला, "मग मिसराकराव, नस्तास्याचं सूप गार होतंय."

उजेड अजून तीन तासांचा होता. आम्ही पुन्हा निघालो, या खेपेला वळण टाळून बरंच वर, जिथे पात्र रुंद होतं आणि वाऱ्याने हिम झाडून नेलं होतं. खाली निळा बर्फ दिसत होता. पुढे छोटी मिसराक, मागे लांब अंतरं ठेवून बाकीचे, लुकीन झग्यावर गोधड्या पांघरून. टण्. पाऊल. टण्. पाऊल. अठरा माणसं गोगलगाईसारखी सरकत होती आणि एकानेही घाई कर म्हटलं नाही. जाताजाता एवॉनने दोन्ही बाजूंना फांद्या रोवल्या. त्या थापाड्या भोकाभोवतीही रोवून यायला तो विसरला नव्हता.

नस्तास्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "चौथ्यांदा गरम करतेय सूप! आणि हा लुकीन झगा घालून का आलाय?"

"तारा कधी कुठलं घर चुकलाय का?" लुकीन म्हणाला आणि गायला लागला. तो असा गायला की छपरावरचं सगळं हिम खाली आलं. हे वाढवलेलं आहे. नस्तास्या पहिल्याच गाण्याला रडली आणि मग तिने सगळ्यांना दोनदा वाढलं, ते खरं आहे.

त्या दिवसापासून मला टोपडं नाही. फरशी ओरबाडते, ओरबाडू दे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या काठ्यांना टेकण करा, मासे काढायला घ्या, कुत्र्यांच्या भांडणात घाला, पण त्यांचं तोंड बांधू नका. आणि नदीवर जाताना 'आम्हाला माहीत आहे' म्हणणाऱ्यापेक्षा 'बघून सांगतो' म्हणणाऱ्याच्या मागे जा. बर्फ दरवर्षी नवा असतो. त्याला तुमचे आजोबा ठाऊक नसतात.

परत निघालो तेव्हा तासही झाला नव्हता. आमचीच पावलं समोर उमटलेली होती. छोटी मिसराकने पहिल्या पावलाआधी मला उचललं.

"आता कशाला?" एवॉन म्हणाला. "बाबा, आत्ताच तर आलो आपण इथून!"

"आलो असू," ती म्हणाली. "आठवत नाही."

टण्!